फोटोबाहेर राहिलेलं तोंड

सापांच्या बाबतीत आमच्या वसाहतीत माझ्या शब्दाला जो मान होता, तो मला एका फॅनबेल्टनं मिळवून दिला होता.

दौलताबाद रस्त्याला आमची वसाहत. मागं टेकड्या, पुढं रस्ता, मधले निम्मे प्लॉट बांधलेले आणि निम्मे गवतात गेलेले. एका संध्याकाळी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. पाण्याच्या टाकीपाशी काळं, वेटोळं घातलेलं काहीतरी पडलं होतं. लगेच खाली सुरू झालं. नाग आहे, नागच आहे, पोरं आत घ्या, आणि मग हात जोडलेली चित्रं, एकाखाली एक. मी फोटो मोठा करून पाहिला. औरंगपुऱ्यात मी चौतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. काळ्या वस्तूवर उजेड कसा पडतो, एवढं मला कळतं. हा उजेड रबरावरचा होता. शिवाय कुठल्याही नागाच्या पोटावर नंबर छापलेला नसतो. मी लिहिलं, 'ट्रॅक्टरचा फॅनबेल्ट आहे. घाबरू नये.' दोघंतिघं काठ्या घेऊन गेले आणि फॅनबेल्ट उचलून घेऊन आले.

त्या दिवसापासून मी 'सापवाले काका' झालो. फॅनबेल्ट ओळखणारा माणूस साप तर ओळखणारच, असं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि मीही त्यांना अडवलं नाही. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. हाताहातांत मोबाइल आले तसा माझा स्टुडिओ बंद पडला होता. तेव्हापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. बायको तर त्याआधीपासूनच विचारत नव्हती.

मग मी तयारीला लागलो. कुठल्याशा प्रदर्शनात फुकट मिळालेला सापांचा एक रंगीत तक्ता घरात होता. तो मी दिवाणखान्यात लावायला निघालो तर बायको म्हणाली, "देवासमोर जनावरं टांगायची नाय." तिचं माहेर फुलंब्रीकडचं. ती सापाला साप म्हणत नाही, जनावर म्हणते. शेवटी तक्ता तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्यामुळं ग्रुपवर फोटो आला की मी चष्मा लावून कपाट उघडायचो आणि साड्यांसमोर उभा राहून अभ्यास करायचो. ती जाता-येता म्हणायची, "कोणती नेसताय?"

लोकांचे फोटो म्हणजे एकेक नमुना असायचा. कुणाचा हात थरथरलेला, कुणी गच्चीवरून काढलेला, कुणाच्या फोटोत चप्पल, काठी आणि स्वतःचं बोट, फक्त साप नाही. एकानं चेहरा उजळ करणारी सोय चालू ठेवून धामणीचा फोटो काढला होता. ती धामण इतकी गोरी आणि तुकतुकीत आली होती की तिला स्थळ आलं असतं. ठेचलेल्या सापांचे फोटोही यायचे. ते बघून मात्र माझं डोकं फिरायचं. आधी मारायचं आणि मग विचारायचं की हा कोण होता! त्यांना मी चांगलं फैलावर घ्यायचो. पण फैलावर घेऊन झालं की नाव मात्र सांगायचोच.

कारण 'माहीत नाही' हे मी ग्रुपवर कधीही लिहिलं नव्हतं. तशी वेळ यायची, दर चार फोटोंमागे एकदा तरी यायची. पण त्यावर माझ्याकडं एक उपाय होता. सापांचे तीन प्रकार असतात: विषारी, बिनविषारी आणि निमविषारी. निमविषारी म्हणजे थोडं विष असलेला, माणसाला सहसा धोका नसलेला. हा शब्द ज्यानं काढला त्याला माझा साष्टांग दंडवत. काहीच कळलं नाही की मी लिहायचो, 'निमविषारी दिसतोय. जपून.' साप विषारी निघाला तरी मी बोललो होतो, बिनविषारी निघाला तरी मी बोललो होतो.

ग्रुपवर एका सर्पमित्र बाईंचा नंबरही होता. साप निघाला की त्या शहरातून स्कूटरवर यायच्या, पकडायच्या आणि टेकड्यांपलीकडं सोडून द्यायच्या. त्या नंबरचा मला राग होता. माझं उत्तर असताना त्यांची गरज काय, असं मला मनातून वाटायचं.

सप्टेंबरातली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या भाभींचा फोटो आला, ग्रुपवरच. भाभी घरी शिवणकाम करतात. लग्नाचे कपडे, जरीचे, टिकल्यांचे. टाका इतका बारीक की औरंगपुऱ्यातले दुकानदार त्यांच्याकडं काम पाठवतात. त्यांचे मियाँ टेम्पोत कापड घालून बाजार करतात. ते त्या दिवशी नांदेडकडं गेले होते. आमच्या दोन घरांमधल्या भिंतीच्या वरच्या दोन विटा बायकोनं आणि भाभींनी मिळून काढून टाकल्यात, वाट्या द्यायला-घ्यायला. मला त्या भाईजान म्हणतात. त्यांच्या पासपोर्टसाठी मी एकदा फोटो काढला होता, आणि तो त्यांना आवडला होता. पासपोर्टचा फोटो आवडलेलं आयुष्यात भेटलेलं हे एकच माणूस. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर भारी विश्वास.

फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'भाईजान, ये कौनसा है? कपड़े की गठडी के पास निकला.'

फोटो खरोखर चांगला होता. खिडकीतून आलेला आडवा उजेड, खाली लाल फरशी, डावीकडं कपड्यांचं गाठोडं आणि त्यातून उजवीकडं गेलेलं एक काळंभोर, चकचकीत अंग. अंगावर पांढरे आडवे पट्टे. डावीकडं गाठोड्यात शिरलेल्या बाजूला पट्टे ठळक, आणि उजवीकडं जाता जाता पुसट होत गेलेले. उजवीकडचं टोक फोटोच्या बाहेर राहिलं होतं.

मी कपाट उघडलं. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन साप तक्त्यावर शेजारी-शेजारी होते. एक कवड्या, बिनविषारी. दुसरा मण्यार. त्याच्यासमोर लाल रंगात लिहिलेलं होतं: अत्यंत विषारी. दोघांतला फरक खाली बारीक अक्षरात दिला होता. कवड्याचे पट्टे मानेकडं ठळक असतात आणि शेपटीकडं पुसट होतात. मण्यारचं उलटं, डोक्याकडं पुसट आणि शेपटीकडं ठळक.

आता इतकं सोपं गणित मला कधी मिळालंच नव्हतं. साप गाठोड्यात शिरतोय, म्हणजे तोंड आत. ठळक पट्टे गाठोड्याच्या बाजूला, म्हणजे तोंडाच्या बाजूला. शेपटीकडं पुसट. मी ठासून लिहिलं, 'कवड्या आहे. पूर्णपणे बिनविषारी. काही करत नाही. झाडूनं बाहेर काढा, काम चालू ठेवा.' खाली अंगठे पडायला लागले. कुणीतरी 'काका ग्रेट' लिहिलं. मी कपाट लावलं आणि चहा टाक म्हणालो. बायको म्हणाली, "साप ओळखला म्हणून चहा, नाय ओळखला तर काय, सरबत?"

चहा पिताना मी तो फोटो पुन्हा उघडला. साप बघायला नाही, उजेड बघायला. सवय जात नाही. आणि बघता बघता मला त्यातली चूक खुपायला लागली. उजवीकडचं टोक बाहेर राहिलं होतं. दोन इंच फोन सरकवला असता तर फोटो पूर्ण झाला असता. हे सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. मी भाभींना फोन लावला.

"भाभी, फोटो मस्त आलाय. उजेड तर असा पकडलाय की काय सांगू. फक्त एक चूक झाली. शेपूट कापलंत तुम्ही."

"शेपूट?" भाभी म्हणाल्या. मागं मशिनचा आवाज थांबला. "भाईजान, शेपूट नाय कापलं. शेपूट तर गठडीत होतं. इधर उसकी मुंडी थी. मुंडी मी मुद्दाम सोडली."

"मुद्दाम? का?"

"लो! उसकी आँख में अपना फोटू नक्को जाना. मी त्याचा काढायचा, आणि तो माझा काढून ठेवणार. फिर याद रखते वो लोगां."

बायको शेजारी बसून ऐकत होती. तिनं मान डोलावली. "बरोबर केलं भाभीनं. जनावर डूख धरतंय. आमच्याकडं तर त्याच्या डोळ्यात बघतच नाय कोणी."

इकडं सगळ्यांना हे माहीत असतं. साप ज्याला बघतो त्याचं चित्र त्याच्या डोळ्यात उमटतं, आणि मग तो त्या माणसाला शोधत येतो. या एका बाबतीत फुलंब्रीचं माहेर आणि भाभींच्या अम्मींची शिकवण अगदी एक होती. मी चौतीस वर्षं लोकांना 'मान सरळ, इकडं बघा' सांगत आलो होतो, आणि इथं एका बाईनं विचार करून तोंड चौकटीच्या बाहेर ठेवलं होतं.

मी फोनवरचा फोटो पुन्हा बघितला. आता तोंड उजवीकडं होतं. पट्टे तोंडाकडं पुसट होते आणि शेपटीकडं ठळक.

तक्त्यावरची लाल अक्षरं डोळ्यासमोर आली. आणि तेव्हा मी काय केलं ते सांगायला मला आजही जड जातं. अर्ध्या तासापूर्वी 'काका ग्रेट' झालेला माणूस आतून म्हणाला, थांब, एकदम कशाला पलटी मारतोस, जरा हळूच सरक. मी घसा खाकरला.

"भाभी, तसा कवड्याच वाटतोय. पण जरा जपून. निमविषारीही असू शकतो."

"नीम?" भाभी म्हणाल्या. "हौ, ये अच्छा बोले. वो पलटके वापस गठडीत घुसलाय. दारात झाड हाय. नीमचा पाला गठडीत खुपसते, अपने आप निकलता वो."

त्यांच्या घरात नीम म्हणजे कडुलिंब. मी घाबरून शोधलेली पळवाट त्यांना औषध वाटली होती. मी हॅलो हॅलो करत होतो, पण त्यांनी फोन मशिनवर ठेवून दिला होता. दार उघडल्याचा आवाज आला, मग फांदी मोडल्याचा.

मी उठलो. गुडघा दुखतो, पळता येत नाही, पण भिंतीपर्यंत कसा गेलो ते माझं मला माहीत. काढलेल्या विटांच्या फटीतून बघितलं तर भाभी हातात कडुलिंबाची भरगच्च डहाळी घेऊन दाराच्या उंबऱ्यावर होत्या, आणि दुसऱ्या हाताची बाही वर सारलेली होती.

"भाभी! हात घालू नका!"

"कायकू? तुम्हीच तो बोले, नीम."

"निम म्हणजे अर्धा! निमविषारी! पण तेही खरं नाही! मला माहीत नाही!"

"क्या नई मालूम?"

"साप कोणता ते! मला माहीत नाही! मी उगाच सांगितलं!"

हे मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. भाभींचा हात गाठोड्याबाहेर होता, एवढंच मी बघत होतो.

भाभी डहाळी घेऊन भिंतीपाशी आल्या. मग म्हणाल्या, "लेकिन भाईजान, मी तर हात घातला ना मघाशी."

"कधी?"

"तुमचा मेसेज आला तेव्हा. लेहंगा निकालना था, आज द्यायचाय. काही नाय झालं. एक सुई टोचली बस."

तक्त्यावर मण्यारच्या नावाखाली एक ओळ होती, जी मी नेहमी वाचायचो आणि ग्रुपवर रुबाबात सांगायचो: याचा दंश बरेचदा जाणवतही नाही. मुंगी चावल्यासारखं होतं आणि माणूस कामाला लागतो.

"कोणत्या बोटाला? दाखवा."

त्यांनी फटीतून हात पुढं केला. वीस वर्षं सुईवर काम केलेलं बोट ते. त्यावर जुन्या टोचण्यांचे काळपट ठिपके होते, ओरखडे होते, आणि एक लाल, ताजा ठिपका होता. एकच होता की त्याच्या शेजारी दुसराही होता, हे मला कळेना. सुईनं टोचलंय की दातानं, हेही कळेना.

मी म्हणालो, दवाखान्यात चला. त्या म्हणाल्या, लेहंग्याचे हुक राहिलेत. मी म्हणालो, भाभी, तो मण्यार असू शकतो. त्या शांतपणे म्हणाल्या, "कवड्या बोले ना तुमी? ग्रुपपे लिखा है. काम चालू ठेवा म्हणून."

माझंच वाक्य होतं ते. त्यांनी ते जसंच्या तसं लक्षात ठेवलं होतं, आणि आता त्याविरुद्ध माझंच म्हणणं त्यांना पटेना. माणसानं आयुष्यात स्वतःची इतकी बदनामी स्वतः केली नसेल जितकी मी त्या भिंतीपाशी पाच मिनिटांत केली. मी सांगितलं की मला साप कळत नाहीत. मी सांगितलं की मी फॅनबेल्ट ओळखला होता. मी तक्त्याचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, निमविषारी कधी लिहायचो तेही सांगितलं. बायको मागून म्हणाली, "खरं हाय भाभी, यांना काय बी येत नाय. पाल निघाली तर खुर्चीवर चढतात." एरवी मी भडकलो असतो. तेव्हा मी म्हणालो, "हो, चढतो."

त्यावर भाभींनी डहाळी खाली ठेवली.

मी त्या सर्पमित्र बाईंना फोन केला. माझा आवाज ऐकूनच त्या कामाला लागल्या. बांधू नका, कापू नका, चोळू नका. हात हलू देऊ नका. खोलीचं दार लावा, खाली फटीत कापड कोंबा. ज्यांना टोचलंय त्यांना आत्ता, याच मिनिटाला मोठ्या दवाखान्यात न्या. मी येते आणि साप बघते. मग त्यांनी विचारलं, "फोटोवरून कवड्या कुणी सांगितला?"

"आहेत एक जण," मी म्हणालो.

भाभींच्या मशिनवरची लाकडी गजपट्टी त्यांच्या हाताखाली ठेवून ओढणीनं सैलसर बांधली. बायको भाभींच्या घरी थांबली, काठी घेऊन बंद दारासमोर खुर्ची टाकून. रिक्षा मिळाली तेव्हा तिनं रिक्षावाल्याला ओरडून सांगितलं, "बिगी न्या, पान लागलंय बाईला!" साप चावला असं तोंडानं म्हणायचं नाही, म्हणून आमच्याकडं पान लागलं म्हणतात. रिक्षावाला शहरातला. छावणीपर्यंत त्यानं दोनदा मागं वळून बघितलं आणि शेवटी न राहवून म्हणाला, "अम्मा, तंबाखू वाला पान था क्या? चक्कर आती पहले पहले." भाभी हसायला लागल्या. मला त्यांचा राग आला. हसल्यानं विष पळतं की काय कुणास ठाऊक, असं वाटून मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. मग मलाच वाटलं की गप्प बसल्या तर जास्त वाईट. मी म्हणालो, नाही, बोला, बोलत राहा.

दवाखान्यात ड्युटीवर एक डॉक्टर मुलगी होती. वयानं माझ्या भाचीएवढी. तिनं बोट उजेडात धरलं, भिंगातून बघितलं आणि विचारलं, "यातली खूण कोणती?"

"ये वाली," भाभी म्हणाल्या. मग जरा थांबून, "या ये."

"सापाचा फोटो आहे?"

मी फोन दिला. तिनं फोटो मोठा केला, डावीकडं सरकवला, उजवीकडं सरकवला. मग फोनच आडवा करून बघितला.

"याचं तोंड कुठंय?"

भाभींनी माझ्याकडं बघितलं आणि मी पंख्याकडं. भाभी म्हणाल्या, "मुंडी ली नई मैंने." डॉक्टर मुलीनं का म्हणून विचारलं नाही. तिनं बहुतेक असे फोटो बरेच बघितले असावेत.

त्यांचं थोडं रक्त एका काचेच्या नळीत काढून तसंच ठेवलं, गोठतं का ते बघायला. सलाईन लावलं. इंजेक्शन लगेच द्यायचं नाही, आधी लक्षणं बघायची, असं तिनं समजावून सांगितलं. गिळताना अडतंय का, पोटात दुखतंय का, आणि सगळ्यात आधी पापण्या. "पापण्या जड होऊन खाली यायला लागल्या तर मला लगेच बोलवायचं," ती मला म्हणाली. "तुम्ही कोण?"

"शेजारी," मी म्हणालो.

मग मी स्टुलावर बसून भाभींच्या पापण्यांकडं बघत राहिलो. चेहरे बघण्यात माझं आयुष्य गेलं, पण कुणाच्या पापण्या इतक्या भीतीनं कधी बघितल्या नव्हत्या. दोनच्या सुमारास बायकोचा फोटो आला आणि मागोमाग बोललेला निरोप. "अहो, मण्यार निघाला. बाईंनी बरणीत घातलाय. गठडीच्या पार तळाला बसला होता गुंडाळून. आणि भाभीला सांगा, लेहंग्याचे हुक मी लावते, नेऊन बी देते."

बरणीतला मण्यार फोटोत अख्खा होता, तोंडापासून शेपटीपर्यंत. मी आधी डॉक्टर मुलीला दाखवला. तिनं मान हलवली आणि सिस्टरला सांगितलं की दर अर्ध्या तासानं बघायचं. मग मी भाभींना सांगितलं. फोटो पुढं केला तर म्हणाल्या, "मुंडी हाय त्यात? तो नक्को." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. पहिल्यांदाच घाबरल्या असाव्यात. मग भिंतीकडंच बघत म्हणाल्या, "तुमी काही बोले नसते तो मैं हात नई डालती थी भाईजान. मी बाहेर बसून मियाँची वाट बघितली असती."

मी मान खाली घातली.

चारच्या सुमारास त्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. मी उडालोच. "सिस्टर! पापण्या!" सिस्टर आल्या, भाभींना डोळे उघडायला लावले, वर बघायला लावलं, एका दमात आकडे मोजायला लावले. भाभींनी कापड मोजावं तसे भराभर सव्वीसपर्यंत मोजले. ठीक आहे म्हणाल्या. दहा मिनिटांनी पुन्हा पापण्या खाली. मी पुन्हा ओरडलो. पुन्हा आकडे, या वेळी अठ्ठावीस. तिसऱ्या वेळेला मी डॉक्टर मुलीलाच हाताला धरून आणलं. "मला कळत नाही हो," मी म्हणालो, "झोप आहे की ते आहे, मला कळत नाही. तुम्ही बघा."

तिनं बघितलं. भाभींना विचारलं, रात्री किती वाजता झोपलात. दोन दिवस लग्नाचं काम चालू होतं, रोज तीन-साडेतीन होत होते, असं भाभी म्हणाल्या. रक्त व्यवस्थित गोठलं होतं. श्वास नीट होता. "काका," डॉक्टर मुलगी म्हणाली, "त्यांना झोप आलीये. झोपू द्या. आम्ही आहोत इथं." मी बाहेर व्हरांड्यात गेलो, भिंतीकडं तोंड केलं आणि थोडा रडलो.

संध्याकाळी त्यांचे मियाँ नांदेडहून आले. मी त्यांना सगळं सांगितलं, माझं काही लपवलं नाही. ते भले गृहस्थ. म्हणाले, तुम्ही इथं आणलंत ना. मला वाटलं, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा भाभी खाटेवर बसून चहात पाव बुडवून खात होत्या. काही झालं नव्हतं. सुईच असावी. किंवा मण्यार चावला असेल पण विष सोडलं नसेल, असंही होतं म्हणे. घरी सोडत होते. मियाँ औषधं आणायला खाली गेले होते. सिस्टरनं कागद आणून भाभींच्या हातात दिला. इंग्रजी होतं, म्हणून त्यांनी तो माझ्याकडं दिला.

"क्या लिखा है?"

नाव होतं, वय होतं, रक्ताचं लिहिलं होतं. आजाराच्या ओळीत दोनच शब्द होते.

"अज्ञात दंश," मी म्हणालो. "म्हणजे काय चावलं, चावलं की नाही, ते माहीत नाही."

"डॉक्टरला बी नई मालूम?"

"नाही."

"और लिख के दिया?"

"लिहून दिलंय. खाली सही आहे. शिक्का पण आहे."

भाभींनी कागद परत घेतला आणि शिक्क्यावरून ते टोचलेलं बोट फिरवलं. मग हसल्या, मनापासून, पावाचा घास तोंडात असतानाच.

"इतकी पढी-लिखी लडकी," त्या म्हणाल्या, "उसने दो लफ्ज में लिख दिया और मोकळी झाली. भाईजान, तुमकू येच बात बोलने में मेरी जान पे आ गई थी."

शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. मीही हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.